सुकेळीपुरतं ऊन

आई आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं तेव्हा आम्ही तिच्यासाठी नवा पलंग घेतला, जाड गादी घेतली, पायांना शेक द्यायचं एक यंत्र घेतलं आणि तिच्या खोलीत वेगळा टीव्हीही लावला. नंदाखाल गावातली आमची केळीची वाडी, घरासकट, नुकतीच विकली गेली होती. सगळ्या भावंडांच्या एकमताने विकली, भांडणतंटा काही नाही, त्यामुळे राग धरायलाही कुणी सापडत नव्हतं. आई विरारला चौथ्या मजल्यावर आली आणि त्या नव्या पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखी बसली. दोन्ही हात मांडीवर. मग रोजच तशी बसू लागली.

ते रिकामे हात मला बघवत नसत. जन्मभर ते कशात ना कशात बुडालेलेच पाहिले होते, पाटाच्या पाण्यात, शेणात, केळीच्या चिकात. चिकाचा काळा डाग तर नखांच्या कडेला कायमचा बसलेला. आमच्याकडे आल्यावर तो हळूहळू फिका पडून निघून गेला. बायको म्हणाली, "बघा, आईंचे हात किती स्वच्छ झाले." मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

माझी तरी गत काय वेगळी होती? मुदतीआधी नोकरी सोडून मी घरी बसलो होतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी फोनवरून वस्तू मागवत होतो. डोसे आपोआप भाजणारा तवा, मान चोळणारी उशी, बसल्या जागी चालवायची सायकल. वस्तू आली की दोन दिवस बरं वाटायचं, मग ती गॅलरीत जायची. तिचा खोकाही गॅलरीत. "राहू दे, लागेल कधीतरी," हे माझं ठरलेलं वाक्य. गॅलरीचं दार उघडायचं तर खांदा लावावा लागे.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली आणि एका सकाळी आईने विचारलं, "राजेळी मिळते का रे अजून?"

राजेळी म्हणजे आमच्याकडची लांब, जाड सालीची केळी. ती पिकवून, सोलून, उन्हात वाळवली की तिची सुकेळी होते, गडद मधाच्या रंगाची, चिवट, गोड. थंडीभर आईचं हेच काम असायचं. अंगणात मांडवावर केळी पसरलेली, आई वाकून एकेक उलटतेय आणि सगळ्या आळीला तो वास. आईने नुसतं नाव काढलं आणि तो वास मला असा काही आठवला की हातातला चहा तसाच राहिला. मला वाडी परत हवी होती, सरळ सांगायचं तर एवढंच. ती मिळणार नव्हती. पण आईला निदान एकदा त्या कामात बघायचंच, असं मी मनाशी धरलं.

नंदाखालला नात्यातल्या एकाच्या वाडीत बांधाच्या कडेने थोडी राजेळी उरली होती. "आता कोन लावतो राजेळी?" असं म्हणत त्याने घड उतरवून दिला. तो स्कूटरवर पायांत धरून मी घरी आणला. येताना आमच्या जुन्या जागेवरून रस्ता होता, तो टाळून लांबून आलो.

घड पिकायला ठेवला आईच्या पलंगावर, गोधडीखाली. आई खाली चटईवर झोपली आणि तिला शांत झोप लागली. पलंगाचा पहिला खरा उपयोग केळ्यांना झाला.

केळी सोलायच्या दिवशी आईने गॅलरीचं दार ढकललं, आत एक नजर टाकली आणि माझ्याकडे वळली. "ऊन कुठं हाय?"

"आहे ना, दुपारी येतं."

"येतं, पन उतरनार कुठं? सामान बसलंय त्याच्या जागेवर."

मी म्हटलं, थोडं सरकवून घेऊ. ती म्हणाली, "सरकवून नाय भागायचं पोरा. तू ठरव काय वाळवायचं ते. केळी का खोके?"

भंगारवाल्याला बोलावलं. सायकल वॉचमनने नेली, तवा कुणी नेला आठवतही नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. "मी सांगून सांगून थकले ते ऐकलं नाहीत. केळ्यांचं बरं ऐकलंत!" संध्याकाळी धुतलेली गॅलरी बघून मी चकितच झालो. आपल्याला गॅलरी आहे, हे मी विसरून गेलो होतो.

मग आमचं काम सुरू झालं. चटईवर केळी मांडायची, वर आईचं जुनं मऊ लुगडं ताणून बांधायचं, ऊन सरकेल तशी चटई सरकवायची. दिवस मावळला की केळी गोळा करून घडाबरोबर आणलेल्या केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा पसरायची. आई स्टुलावर बसून हुकूम सोडायची, मध्येच न राहवून स्वतःच वाकायची. मी फोन कुठे ठेवला ते शोधत नव्हतो. पार्सल आणणारा मुलगा शेजारच्या घरी आला तेव्हा त्याने मुद्दाम आमची बेल वाजवली. "काका, तब्येत बरी आहे ना? बरेच दिवस काही मागवलं नाहीत."

झाली का सुकेळी, हे मला कळेना. आईने माझा हात धरून माझ्याच कानाच्या पाळीवर नेला. "दाबून बघ. आता ही दाब. सारखी लागली की झाली." इतक्या वर्षांनी आईने माझा हात असा धरला होता. मी उगाचच दोनदा विचारलं.

सुक्या पानांत सुकेळ्या बांधून, केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाच्या दोऱ्याने गाठी मारून पुडे तयार झाले. मला वाटलं, ठेवू फ्रिजमध्ये, पुरवून खाऊ. आईने ते उडवूनच लावलं. "साठवायला केलीत काय? जा, दारोदार देऊन ये." समोरच्या साताऱ्याकडच्या बाईंनी पुडा उघडून हळूच विचारलं, "काळी पडलीत, खराब नाही ना झाली?" आई आमच्या दारातून ऐकत होती, पदर तोंडाला लावून हसली. ते हसू मी वाडीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

शेवटचा पुडा गेला. आईने चटई झाडली, हात धुतले, पदर खोचला आणि अगदी सहज म्हणाली, "झालं काम. चल, काळोख पडायच्या आत घरी जाऊ."

ती चुकून म्हणाली की खरंच, मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. तिला चपला दिल्या, हाताला धरून लिफ्टने खाली नेलं. बिल्डिंगभोवती आम्ही सावकाश एक फेरी घातली. आई वाटेत कुंपणावरच्या वेली बघत होती. मग तशीच तिला वर आणली. दारात चपला काढताना ती म्हणाली, "आलो बाई एकदाचे," आणि आत गेली.

मी दाराबाहेरच उभा राहिलो. मला वाटलं, मलाही कुणीतरी असंच हाताला धरून एक फेरी घालावी आणि घरी आणून सोडावं.