करड्या फोटोंचे अण्णा

पोपटी शर्ट, त्यावर जांभळी शाल आणि पायात तांबड्या पट्ट्यांच्या चपला, अशा थाटात जो माणूस इंदिरानगरच्या भर गर्दीतही दुरून ओळखू यायचा, त्याने दुसऱ्या कुणाचाही फोटो रंगीत म्हणून ठेवला नाही, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. स्वतः इंद्रधनुष्य नेसून फिरायचं आणि आम्हा सगळ्यांना करडं करून सोडायचं, हा कुठला न्याय? एकदा तसं विचारलंही. अण्णा म्हणाले, "माझं लग्न झालंय की."

बंगळुरातल्या मराठी घरांची लग्नं जुळवणं हा अण्णांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. त्यांचं घराणं इथे कधी आलं हे त्यांनाही धड सांगता येत नसे. घरात मराठी बोलायचं आणि उंबरा ओलांडला की कन्नड, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. मी नागपूरची, नोकरीसाठी इलेक्ट्रॉनिक सिटीत येऊन पडलेली. आईने कुणाकडून तरी अण्णांचा नंबर मिळवला आणि "जाऊन तर ये" असं रोज म्हणून म्हणून एका रविवारी मला त्यांच्या व्हरांड्यात धाडलंच. त्यांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून दिली. अण्णांनी फोटो मागितला. मी नागपूरच्या स्टुडिओतला दाखवला. त्यात स्टुडिओवाल्याने मला इतकं उजळलं होतं, की साडीतून नुसतेच डोळे बाहेर आल्यासारखे दिसत होते.

अण्णांनी तो चष्मा वर करून पाहिला, मग मला पाहिलं. "हा फोटो तुझा नव्हे, अम्मा," ते म्हणाले. "तुझ्या आईचा आहे."

मी सावळी आहे. खरं सांगायचं तर चांगली काळी आहे, पण आमच्या घरात तो शब्द उच्चारायची पद्धत नाही. 'सावळी', 'गव्हाळ', 'उन्हात फिरते म्हणून', असं त्या शब्दाच्या आजूबाजूने सगळे फिरतात. त्यामुळे अण्णांचं बोलणं मला लागलंही आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं होऊ शकतं, याचा विचार करेपर्यंत त्यांनी मला व्हरांड्याच्या कडेला उभं करून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढलासुद्धा.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. मी सॉफ्टवेअरची माणूस, मला वाटलं मदत करावी. म्हटलं, अण्णा, एक बटण दाबलं की फोटो ब्लॅक अँड व्हाइट होतो. त्यांनी मान हलवली. "स्वल्प थांब. बटणाला काय कळतं?" त्यांच्या पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या अशा पट्ट्या होत्या. लाल पट्टी पुढे सरकवली की माझा चेहरा गोरापान. निळी सरकवली की काळाठिक्कर, आणि गालावरच्या पुटकुळ्यासुद्धा वर आलेल्या. मी बघतच राहिले. माझा एकच चेहरा, आणि घटकेत मी माझ्या चुलतबहिणीसारखी गोरी, घटकेत कोळशासारखी. "दोन्हीकडे खोटं," अण्णा पुटपुटले, "मधे कुठेतरी माणूस असतो. तिथे थांबायचं." ते बराच वेळ थांबण्याची जागा शोधत होते. शेवटी जो फोटो निघाला त्यात मी गोरीही नव्हते, काळीही नव्हते. तिथे नुसती मी होते, आणि मला माझीच ओळख पटेना.

तो फोटो मी मोठ्या हौसेने नागपूरच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही, हे चुकलं. आमच्याकडे एखाद्याचा कृष्णधवल फोटो विनामजकूर ग्रुपवर आला की त्याचा अर्थ एकच असतो. माझ्या मावशीने लगेच लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. फार लवकर गेली पोर.' मग बघायलाच नको. पाठोपाठ हात जोडलेली चित्रं आली आणि कुणीतरी गीतेतला श्लोक टाकला. आई तेव्हा देवळात गेलेली. बाहेर आल्यावर तिने मोबाइल पाहिला आणि पायरीवरच बसली. मला फोन आला तेव्हा तिला बोलताही येईना. "मी आहे गं, आई, मी आहे!" असं मी ऑफिसच्या जिन्यात ओरडत होते आणि येणारे-जाणारे वळून बघत होते.

रडणं थांबल्यावर आईने तोच फोटो पुन्हा नीट पाहिला. म्हणाली, "पण एक बरं झालं बाप्पा. रंगच कळून नाही राहिला!"

तिथून माझा गोंधळ सुरू झाला. आईला आनंद झाला त्याच गोष्टीचा मला राग यायला हवा होता, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. अण्णा माझा रंग लपवत होते की पुसत होते? लपवत असतील तर त्यांच्यात आणि त्या स्टुडिओवाल्यात फरक काय? आणि पुसत असतील, तर त्यांना कुणी सांगितलं होतं? माझा रंग माझा होता ना?

बरं, फक्त काळ्या मुलींसाठी ते हे करत असते तर मी सरळ भांडले असते. पण ते सगळ्यांनाच करडं करायचे. एका रविवारी मी तिथे असतानाच एक बाई तणतणत आल्या. त्यांची मुलगी खरोखर दुधासारखी गोरी होती. "अण्णा, पोरीला काय चुलीच्या राखेत लोळवलंत का? तिचा रंग कुठं आहे?"

"मुलीपाशी आहे की," अण्णा म्हणाले.

"पण बघणाऱ्यांना कसं कळायचं?"

"बंदु नोडी." म्हणजे येऊन बघा. हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. कुणी फोनवर मुलीचा रंग विचारला, मुलाच्या डोक्यावर केस किती हे विचारलं, तरी अण्णा तेच सांगत. समोरच्याला कन्नड येवो न येवो. त्या बाई पाय आपटत गेल्या आणि त्यांच्या मुलीचं लग्न पुढे दुसऱ्या कुणी तरी जमवलं.

माझा करडा फोटो पाहून पहिलं स्थळ आलं. इंदिरानगरच्याच एका हॉटेलात भेट ठरली. मुलगा, त्याची आई आणि मी. मी दारातून आत आले तेव्हा मुलाच्या आईने माझ्या मागे पाहिलं. फोटोतली मुलगी माझ्या मागून येत असावी असं त्यांना वाटलं. मग मीच ती हे कळल्यावर त्या हसल्या, डोसा मागवला, माझ्या नोकरीची चौकशी केली आणि निघताना म्हणाल्या, "फोटोत वेगळी वाटली होतीस गं." नकार दुसऱ्या दिवशी आला. नकाराची मला सवय होती. पण आजवर नकार घरबसल्या यायचा. या वेळी मी तो समोर बसून, चटणीत डोसा बुडवत बघितला.

मी तडक अण्णांकडे गेले. म्हटलं, "माझा रंगीत फोटो पाठवा. आहे तसा. ज्यांना नको त्यांनी घरूनच नको म्हणावं."

 अण्णांनी कॉम्प्युटर लावला, माझा मूळ फोटो काढला आणि माउसवर हात ठेवून बसून राहिले. "सरी, बरं," शेवटी म्हणाले. "तुझा फोटो, तू म्हणशील तसं. कॉफी घेऊन ये आतून, तोवर पाठवतो."

आत अक्का कॉफी गाळत होत्या. अक्का माझ्याहूनही काळ्या. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगायला सुरुवात केली. "आमच्या वेळी फोटो काळे-पांढरेच असत. माझा फोटो यांच्या घरी गेला, यांना आवडला. मग बघायला आले तेव्हा सासूबाई मला बघून दारातच थबकल्या. पण यांचं मन आधीच बसलं होतं, हटेनात. हे म्हणतात, फोटो रंगीत असता तर आईने तो माझ्यापर्यंत पोचूच दिला नसता."

मला भरून आलं. म्हटलं, "किती छान, अक्का."

"छान काय त्यात?" अक्का म्हणाल्या. "यांना वाटतं, रंग दिसला नाही म्हणून मी मिळाले. मला आपलं वाटतं, रंग दिसला असता आणि तरी आले असते, तर जास्त बरं वाटलं असतं. कधी विचारलं नाही मी. आता काय विचारायचं?" आणि त्यांनी दोन पेले माझ्या हातात दिले.

मी बाहेर आले ती आणखी गोंधळून. दोघंही बरोबर होते, मग मी करायचं काय? अण्णांनी फोटो अजून पाठवला नव्हता. पडद्यावर माझे दोन फोटो शेजारी-शेजारी होते, रंगीत आणि करडा. कुठला पाठवू, असं ते विचारत नव्हते, पण त्यांचा चेहरा इतका हिरमुसला होता की मीच म्हणाले, "एकदा अजून तुमचाच पाठवा. शेवटचा." ते मी त्यांच्यासाठी म्हटलं की माझ्यासाठी, हेही मला आज सांगता येणार नाही.

तो फोटो मारतहळ्ळीत राहणाऱ्या एका निपाणीकडच्या मुलाकडे गेला. या वेळी मी हॉटेलात आधीच जाऊन भिंतीला पाठ लावून बसले, म्हणजे माझ्या मागे कुणाला शोधायला नको. मुलगा आला, सरळ माझ्यापाशी येऊन बसला आणि पाणी पिऊन म्हणाला, "तुमच्या कपाळावर भुवईच्या वर ती खोक आहे ना, फोटोत दिसली होती. कशानं पडली?"

 लहानपणी विटी लागून पडलेली ती खोक. आजवर मला बघायला आलेल्या कुणालाही ती दिसली नव्हती. रंगाच्या पलीकडे कुणाची नजर पोचलीच नव्हती. मी विटीची गोष्ट सांगायला लागले आणि सांगता सांगता मला रडू आलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, खोक अजून दुखते.

आमच्या लग्नात अण्णा केशरी फेटा बांधून आले होते. आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "बंदु नोडी म्हटलं, आला, बघितलं. संपलं." त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत ते गेले. भिंतीवर त्यांचा फोटो लावायचा तेव्हा सगळे धरूनच चालले होते की तो करडाच असणार. अक्का ठाम राहिल्या. "पोपटी शर्टातला लावा. करडे अण्णा माझ्या ओळखीचे नाहीत." हार घातलेल्या त्या फोटोत अण्णा असे झळाळत होते की कुणाला नीट रडताही येईना.

गेल्या महिन्यात मला मुलगी झाली. नागपूरहून मावशीचा पहिला प्रश्न आला, 'रंग कोणावर गेला?' मी फोटो काढला आणि पट्ट्या सरकवत बसले. लाल पुढे, निळी मागे, मधे कुठेतरी माणूस असतो तिथे थांबले. लपवतेय की पुसतेय, ते मला अजूनही कळलेलं नाही. अण्णा असते तर विचारलं असतं, आणि त्यांनी 'कॉफी घेऊन ये' म्हटलं असतं. फोटो ग्रुपवर टाकला आणि या वेळी खाली आठवणीने लिहिलं, 'बाळ-बाळंतीण ठणठणीत आहेत. श्रद्धांजली वाहू नये.'

सगळ्यांनी नाक आजीचं ठरवलं, हनुवटीवरून दोन्ही घरांत वाद झाला. मग मावशीचा फोन आलाच. "नाक-बिक सगळं खरं वं, पण रंग?"

"बंदु नोडी," मी म्हटलं.

"काय म्हणून राहिली?"

"येऊन बघ, मावशी."

मुलगी पाळण्यात पाय झाडत होती. तिच्या अंगाखाली अक्कांनी अण्णांचे शर्ट कापून शिवलेलं दुपटं होतं, पोपटी, केशरी, जांभळ्या तुकड्यांचं. फोटोत ते रंग दिसत नव्हते.