ओकणारी गिरण

भाताच्या गिरणीवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. कोंड्यासारखे ते आपोआप साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच! गिरण माझ्या थोरल्या नणंदेची, वन्सांची. मी पाखडायला. त्या वर्षी गणपतीच्या चवथीच्या तोंडावर वन्सांनी जुनं इंजिन काढून नवं कोरं बसवलं.

पहिलं भात ओतलं ते भटजींचं. इंजिन धडधडलं, नि भात खाली उतरायचं सोडून वरच्याच तोंडातून उसळून भटजींच्या अंगावर!

"गो वैनी, ही गिरण जेवना नाय, ओकता!" भटजी अंग झटकत ओरडले.

* * *

गावचे मानकरी, गावकर आले. इंजिनापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, ह्या नव्या इंजिनाक बरी बुद्धी दी!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे.

गाऱ्हाणं संपताच वन्स म्हणाल्या, "देवाचा काम झाला. आता पानो खंय आसा?"

* * *

कुडाळचा फिटर आला. "बाई, इंजिन फर्स्टक्लास! आवाज ऐका, धूर बघा!"

"धुराची पेज होवची नाय, रे. तांदूळ खंय?"

एव्हाना दोन गिऱ्हाइकं होडीत बसून खाडीपलीकडच्या गिरणीवर गेली होती. चवथीला गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. वन्सांनी पदर खोचला.

* * *

"पट्टो काढ," त्या फिटरला म्हणाल्या. मग गिरणीचं चाक आम्ही दोघींनी हातानं फिरवलं. एका बाजूला फिरवलं की भात वर. दुसऱ्या बाजूला फिरवलं की खाली तांदूळ!

"म्हंजे गिरण बरी, इंजिनय बरा. सोयरीक जुळवणारोच चुकलो!" वन्स इंजिन नि गिरण जोडणाऱ्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या.

फिटरनं कपाळावर हात मारला. "जुन्याच्या उलट फिरतंय हे! पट्ट्याला एक पीळ घालतो, म्हणजे चाक सुलट फिरेल."

"मगे सकाळधरना काय इंजिनाची आरती करी होतस?"

पीळ बसला. पट्टा फिरला. खाली टोपलीत पांढरेशुभ्र तांदूळ! भटजींनी आपलं भात परत ओतलं. लांब उभं राहून.

* * *

दोन दिवसांनी पलीकडच्या गिरणीचे मालक स्वतः होडीतून आले. मागे गड्यांच्या डोक्यावर भाताची पोती. आमचं बघून त्यांनीही तसलंच इंजिन आणलं होतं.

"आमची पण ओकता," ते हळूच म्हणाले.

वन्सांनी त्यांना बसायला दिलं, चहा दिला, सगळं भात भरडून दिलं. निघताना त्यांनी विचारलंच, "बाई, तुमी केलात काय ता तरी सांगा."

"सांगतंय तर!" वन्स म्हणाल्या. "चवथ झाली काय येवा!"