उरणचा रूट

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पनवेलहून कंपनीच्या बसने मी तळोज्याच्या कारखान्यात जायचे. नेटवर्कचं काम, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. बोली संपत आली होती आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मुंबई ऑफिसातले आमचे सर ठरवणार होते.

त्यातच उरणच्या नव्या गोदामाची कॉम्प्युटरची लाइन सुरू झाली. म्हणजे कागदावर. लाइन आमच्या राउटरपर्यंत आली होती, दिवेही लागत होते, पण कुठल्या गाडीत काय माल भरायचा हा इथला निरोप काही तिथे पोचत नव्हता. गोदामातल्या क्लार्कताई फोनवर तापल्या होत्या. "नाय गो, काय नाय आलं. डायवर डोक्यावर बसलेत माझ्या!"

सर म्हणाले, लाइनच खराब आहे. डोंबल खराब! निरोप कुठून कुठे जातो ते मी स्क्रीनवर काढून पाहिलं. तळोजा, मुंबई, तळोजा, मुंबई. आमच्या राउटरवर सरांनी एकच डिफॉल्ट रूट टाकला होता: पत्ता माहीत नसेल ते सगळं मुंबईला पाठव. आणि मुंबईच्या राउटरवरही त्यांचाच डिफॉल्ट: माहीत नसेल ते तळोज्याला पाठव. एसटी स्टँडवर एक खिडकी दुसरीकडे पिटाळते आणि दुसरी परत पहिलीकडे, तसं चाललं होतं. आमच्या राउटरला उरणचा वेगळा स्टॅटिक रूट हवा होता: उरणचं असेल ते थेट उरणच्या लाइनवर पाठव. फक्त एक ओळ.

मी सरांना फोन करून दोन्ही राउटरांचा हा घोळ सांगितला. "माझ्या राउटरला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले आणि फोन आपटला.

असा संताप आला म्हणता! भीतीही वाटली, नाही कशाला म्हणू. घरात माझाच पगार येत होता. पण चूक कुठे आहे ते मला लख्ख दिसत होतं. मी ओळ टाकली.

"आलं गो बाय, आलं!" उरणहून क्लार्कताई ओरडल्या.

पाठोपाठ सरांचा फोन. "उरण दिसायला लागलंय. काय केलंस?"

"उरणचा स्टॅटिक रूट टाकला, सर. पण सेव्ह केलेला नाही. राउटर बंद करून चालू केला की माझी ओळ जाईल आणि तुमचं होतं तसं होईल. करू बंद?"



"सेव्ह कर," सर म्हणाले. "आणि मुंबईच्या राउटरवर काय बदलायचं ते सांग. जरा हळू सांग, मी लिहून घेतो."