रोजची एक चूक

आमच्या हडपसरच्या ऑफिसात वर्षातून एकदा आपलं कौतुक आपणच करायचा फॉर्म येतो. यंदा त्यावर माझी बढती अवलंबून होती. पन्नाशीतली, म्हणजे बहुधा शेवटचीच. मी फॉर्म घरी भरायला घेतला. 'कामगिरी'च्या रकान्यात दोन ओळी, 'सुधारणेला वाव'मध्ये दीड पान. बायकोने वाचून विचारलं, "अहो, हा बढतीचा अर्ज आहे की जामिनाचा?"

वडील रोज संध्याकाळी शुभंकरोति झालं की आम्हा भावंडांना उभं करून दिवसभरातली चूक विचारायचे. आपणहून सांगितली तर एक पट्टी, लपवलेली सापडली तर चार. 'काही चुकलं नाही' हे त्यांना पटतच नसे, त्याच्याही चारच. मग मी, शहाणा मुलगा, चुका रचायला लागलो. न फुटलेल्या कपबशा फोडल्या, न दिलेल्या शिव्या दिल्या. बहीण गप्प उभी राहून चार खायची. ती आज वरिष्ठांशी भांडते आणि वर बढत्याही घेते.

माझी मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. फॉर्म वाचून तिने "सर, जरा येता का?" म्हटलं, तर मी दारातूनच सॉरी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"ते अजून कळलं नाही."

ती हसली नाही. "सर्व्हर बंद पडला तेव्हा तुम्ही रजेवर होता. ती चूक इथे स्वतःच्या नावावर लिहिलीय. वरचे लोक हेच वाचणार. हा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. पाचपर्यंत द्या."

सगळं खोडलं. राहिला तो रिकामा चौकोन. बीपीची गोळी घेणारा माणूस मी, वडिलांना जाऊन बारा वर्षं झालेली, तरी त्याच्याकडे बघून तळहात घामेजले. वडिलांचा राग आला, पण आता तो पोचवायचा कुठे? पाचला पाच कमी असताना सर्व्हरची ओळ परत टाकली आणि फॉर्म पाठवला. खरं सांगतो, हायसं वाटलं.

बढती शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. मॅनेजरने पुन्हा बोलावलं. "सर, रजेवर होतात ना तुम्ही?"

"हो. पण रजा मीच घेतली होती."

तिने लॅपटॉप मिटला. स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला.