पाहता पाहता बदललेल्या तारखा

"मेधाताई, माझ्या तिन्ही बॉक्सच्या ओळी लाल दिसतायत. आज टाकून देणार आहेत का?"

फोनवर गौरी होती. ओसाकातल्या आमच्या संशोधन संस्थेत पीएचडी करणारी साताऱ्याची मुलगी. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये बसून त्याच संस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळते. गुरुवार होता, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं.

संस्थेच्या तळघरात उणे ऐंशी डिग्रीचे फ्रीझर आहेत. त्यांत संशोधकांची सॅम्पल्स असतात. कोणता बॉक्स कधी नष्ट करायचा, ती तारीख मी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या टेबलात असते. तारीख उलटली की ओळ लाल होते. दर गुरुवारी दहा वाजता टेक्निशियन लाल ओळींची यादी छापतो आणि ते बॉक्स काढून ऑटोक्लेव्हमध्ये घालतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. त्यात गेलेलं परत मिळत नाही.

"तुझी तारीख तर दोन वर्षांनंतरची होती ना?"

"हो. आता मागच्या वर्षाची दिसतेय."

"तू बदललीस?"

"ताई, मी वेडी आहे का? तीन वर्षांचं काम आहे ते!"

तारीख दुरुस्त करून उपयोग नव्हता, यादी छापून झाली होती. मी तळघरात फोन लावला. फ्रीझरच्या घरघरीत तिथे फोन ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तरी सहा रिंग होईपर्यंत थांबले. मग पळाले. पळताना डोक्यात यादी चालू होती: किती बॉक्स काढले, कुठे ठेवले, मशीन सुरू झालं का.

खाली टेक्निशियन कुबो-सान होते. साठीला आलेले, संस्थेतला सर्वांत काटेकोर माणूस. हातातल्या यादीवर बोट ठेवून ते नंबर मोठ्याने वाचत होते.

"थांबा!" मी ओरडले. तिथे कुणी ओरडत नाही. त्यांचं बोट हवेतच राहिलं.

गौरीचे दोन बॉक्स अजून ड्राय आइसमध्ये होते. तिसरा मशीनमध्ये गेला होता.

"किती वेळ झाला?"

"आठ मिनिटं."

तोवर गौरी धापा टाकत पोचली. "कोणता गेला?"

"दोन नंबर."

ती तिथेच जमिनीवर बसली. "कंट्रोल्स," एवढंच म्हणाली. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली सॅम्पल्स. ती नसली तर उरलेल्या दोन बॉक्समधून काहीच सिद्ध होत नाही.

विभागप्रमुख ओकादा-सान आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणखी किती तारखा बदलल्यात?"

खरी भीती मला तेव्हा वाटली. मागे गेलेली तारीख लाल होऊन ओरडते. पुढे गेलेली गप्प बसते. आमच्याकडे रुग्णांची सॅम्पल्सही आहेत. अमुक दिवसापर्यंत ती नष्ट करू, असं त्यांना लेखी दिलेलं आहे.

त्या दिवशीचं काम थांबवलं. मी गेल्या आठवड्यातल्या बॅकअपशी टेबल ताडून पाहिलं. एकोणीस तारखा बदललेल्या निघाल्या. पंधरा मागे गेल्या होत्या, पण त्यांतल्या लाल झालेल्या फक्त गौरीच्या तीन; पुढे गेलेल्या चार रुग्णांच्या सॅम्पल्सच्या होत्या. सुदैवाने त्यांची खरी मुदत अजून संपली नव्हती. सगळे बदल आदल्या दिवशी एकाच लॉगिनवरून झाले होते: कुबो-सान.

ओकादा-साननी रिपोर्टचा फॉर्म काढून कारणाच्या रकान्यात कुबो-सानचं नाव लिहिलं. कुबो-सान कमरेत वाकले. "माझी चूक झाली." पण काय केलं, हे त्यांना सांगता येईना.

मी म्हटलं, "यादीच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळ्या तारखा तपासता, ती कालची तपासणी मला करून दाखवा. अगदी तशीच."

ते कॉम्प्युटरसमोर बसले. इथे जपानमध्ये तपासायचं म्हणजे वस्तूकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं. ट्रेनचे ड्रायव्हर सिग्नलकडे असंच बोट दाखवतात. स्क्रीनवर बोटाचे डाग पडतात, म्हणून कुबो-सान माउसने बोट दाखवत. प्रत्येक तारखेवर एक क्लिक, मग मोठ्याने वाचन, मग खाली जाण्यासाठी माउसचं चाक फिरवायचं.

चाक फिरलं. टेबल हललं नाही. तारखेतलं वर्ष हललं.

"हा माउस जरा अडकतो," असं म्हणत त्यांनी पॉइंटर बाजूला घेतला आणि पुन्हा चाक फिरवलं. आता टेबल सरकलं. त्यांची नजर पुढच्या ओळीवर गेली होती.

पूर्वी तारीख बदलायला डबल क्लिक लागायचं. संशोधकांनी कटकट केली म्हणून याच आठवड्यात मी ते एका क्लिकवर आणलं. क्लिक केलं की तो रकाना लिहायला उघडतो आणि चाक खाली फिरवलं की आतला आकडा कमी होतो, वर फिरवलं की वाढतो. जपानमध्ये तारखेत वर्ष आधी लिहितात, म्हणून कर्सर थेट वर्षावर जायचा. सेव्ह आपोआप व्हायचं, तीही माझीच सोय. चाचणी मी केली होती, पण सगळी कीबोर्डवरून. चाकाला मी हातही लावला नव्हता.

वरवर नजर टाकणाऱ्यांच्या हातून एकही तारीख हलली नाही. जो एकेका तारखेवर थांबून वाचत होता, त्याच्याच हातून हलल्या.

"ओकादा-सान, ते नाव खोडा."

"मग कारण काय लिहू?"

फॉर्म मी माझ्याकडे ओढला आणि लिहिलं: तारीख एका क्लिकवर बदलण्याची सोय. खाली माझं नाव घातलं. कुबो-सान उठून गौरीचे उरलेले दोन्ही बॉक्स फ्रीझरमध्ये ठेवायला गेले.

गौरीची पदवी सहा महिने लांबली. दोन आठवडे तिने माझा फोन घेतला नाही. मग एकदा कँटीनमध्ये समोर येऊन बसली. "ताई, पुढच्या वेळी लोकांची सोय करायच्या आधी त्यांना काम करताना बघायला या."

आता तारीख बदलायला वेगळं बटण आहे. जुनी आणि नवी तारीख शेजारी दाखवून प्रोग्रॅम विचारतो, मगच सेव्ह करतो. रकान्यात चाक चालत नाही. दोन क्लिक जास्त लागतात, अशा संशोधकांच्या तक्रारी येत असतात. त्या सगळ्या मी क्रमाने लिहून ठेवते, आणि काही करत नाही.