ऑपॉर्च्यून मुहूर्त

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तर मुळीच नाही, कारण त्या लग्नात ती पहिल्या रांगेत बसून माझ्या प्रत्येक चारोळीला टाळ्या वाजवत होती. तुम्हाला सांगतो. तुम्ही आमच्या आणे पठारावरचे नाही, एवढं मला पुरे.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि लग्नसराईत माइक धरतो. आमच्याकडे लग्न लागण्याआधी आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचं नाव घेऊन स्वागत करावं लागतं. एखादा राहिला तर तो वर्षभर बोलत नाही. हे काम मी फार गोडीनं करतो. गोडीनं — इथंच माशी शिंकली.

शेजारच्या आबांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आबांची पंचांगावर भारी श्रद्धा. सकाळीच हात जोडून म्हणाले, "सर, कोण बी येऊ द्या, कोण बी जाऊ द्या — येळ तेवढी टळू देऊ नका." मी शब्द दिला.

मग काय झालं? माणसं हसायला लागली हो! भरला मांडव आपल्या विनोदाला हसत असताना माइक खाली ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? गुरुजी आधी खाकरले, मग त्यांनी घड्याळ दाखवलं, शेवटी माझा सदरा ओढला. मी पाहिलं नाही — छे, पाहिलं. पाहिलं, आणि डेअरीच्या चेअरमनवर आणखी एक चारोळी म्हटली. मुहूर्त टळला.

कुजबुज सुरू झाली. आबांचा चेहरा उतरला. तेव्हा मला वर्गात नुकताच शिकवलेला शब्द आठवला. म्हणालो, मंडळी, पंचांगातली वेळ गेली, पण इंग्रजीत तिच्याहून वरचढ वेळ असते — ऑपॉर्च्यून! घड्याळ काहीही म्हणो, ज्या क्षणी सगळं जुळून येतं तो क्षण. आणि तो आत्ता आलाय! अर्थ बरोबर होता. मुलांनाही मी तोच सांगतो: बाजरी पेरली आणि पाठोपाठ पाऊस आला, तो ऑपॉर्च्यून, काढलेला कांदा भिजवून गेला, तो नव्हे. टाळ्या पडल्या. आबासुद्धा हसले.

इथं थांबलो असतो तर नुसती गंमत झाली असती. पण कुणीतरी विचारलंच, उशीर झाला कुणामुळं? आणि माइक माझ्याच हातात होता. म्हणालो, नवरीच्या मामांना यायला जरा उशीर झाला.

विलासमामा. आळेफाट्याला गॅरेज चालवणारा साधा माणूस. आमच्याकडे भाचीला मांडवात मामानंच आणायचं, आणि माइकवरून हाक आल्याशिवाय निघायचं नाही. ते तिचा हात धरून खोलीच्या दाराशी उभे होते — केव्हाचे, माझ्या हाकेची वाट पाहत. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. भाचीच्या लग्नात तमाशा नको म्हणून गप्प बसले असतील. आबांनी मात्र मेव्हण्याशी बोलणं टाकलं.

थोरलीचा संसार छान चालला आणि माझी पंचाईत वाढली. श्रेय कुणाला? त्या शब्दाला! आता पठारावरून माणसं येतात, "सर, आमच्या पोराला बी तसला इंग्लिश मुहूर्त काढा की राव." मी काढून देतो. हो, देतो. वर चहाही पितो.

यंदा धाकटीचं लग्न ठरलं. आबा म्हणाले, "त्या मामाचं नाव काढू नका. पोरीला मांडवात तुमीच आणा, सर. तुमी येळेचं माणूस." खरं सांगायला याहून ऑपॉर्च्यून वेळ कोणती होती? मी म्हणालो, "आणतो."

फेटा बांधून, धाकटीचा हात धरून त्याच दाराशी उभा राहिलो. माइकवर माझाच जुना विद्यार्थी होता. चेअरमनवरची चारोळी संपता संपत नव्हती. धाकटी समोर बघतच हळू म्हणाली, "सर, ताईच्या येळंला मामा असाच उभा व्हता. मी त्याच्या शेजारीच व्हते. हाकच आली न्हवती."

मी फेटा सारखा केला. मग हाक आली, आणि मी तिला मांडवात घेऊन गेलो.