तिसऱ्या दिवशीची तपासणी

माझा थोरला भाऊ आणि वहिनी, दोघंही जनावरांचे डॉक्टर. एकाच कॉलेजात शिकले, तिथेच जमलं, आणि लग्नानंतर घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी दवाखाना थाटला. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. गायी, घोडे, मेंढ्या दादाकडे. कुत्री, मांजरं आणि स्वतःचीच पिसं उपटणारा कुणाचा तरी पोपट वहिनीकडे. दादा चिडवायचा, "हिचे पेशंट हिच्या मांडीवर येऊन बसतात. माझे माझी मांडी मोडायला बघतात." वहिनी म्हणायची, "तुझे चावत तरी नाहीत." मी वरच्या मजल्यावर राहतो, शाळेची बस चालवतो. लग्न केलं नाही, त्यामुळे जेवायला खालीच असायचो आणि सगळं कानावर पडायचं.

दादाकडे सरकारी मान्यता होती. हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. डिग्री मिळाली, नोंदणी झाली की जनावरांचा डॉक्टर औषध देऊ शकतो, टाके घालू शकतो, अडलेली गाय सोडवू शकतो. पण हा कळप निरोगी आहे, ही गाय जिल्ह्याबाहेर न्यायला हरकत नाही, असं सरकारच्या वतीनं लिहून द्यायचं तर परवानगी वेगळी लागते. त्यासाठी जिल्हा कार्यालयात प्रशिक्षण, मग परीक्षा, मग अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत खऱ्या गोठ्यात तपासणी. सगळं पार पडलं तर क्रमांक कोरलेला शिक्का हातात येतो. तोही कायमचा नाही. ठरावीक वर्षांनी पुन्हा वर्गात बसायचं, नवे नियम शिकायचे, नाहीतर शिक्का परत. आणि दर वेळी एक गोष्ट बजावून सांगतात, की जे जनावर तुम्ही स्वतः तपासलं नाही, त्याच्याबद्दल सही करायची नाही.

दादाला त्या शिक्क्याचा अभिमान होता. आसपासच्या सगळ्या गावांत तसा डॉक्टर तो एकटाच. क्षयाच्या तपासणीला त्यालाच बोलवावं लागे. गायीच्या मानेवरचे केस कापायचे, कातडीची घडी चिमटीत धरून तिची जाडी यंत्रानं मोजायची, कातडीत अगदी थोडं औषध टोचायचं आणि निघून यायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्याच जागी बोटं फिरवायची. कातडी सुजून जाड झाली असेल तर गायीला लागण आहे. कधी ही सूज डोळ्यांना दिसतच नाही, बोटांनाच कळते. म्हणून दुसरी खेप चुकवून चालत नाही.

मग एका गायीनं दादाला फाटकावर दाबलं आणि त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. वहिनी म्हणाली, "आता मोठ्या जनावरांचं काम कमी कर." दादानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गोठ्यात ओल्या फरशीवर तो कसा चालायचा ते मी एकदा पाहिलं होतं. दर पावलाला ओठ घट्ट मिटलेले, आणि घरी आल्यावर "छे, काही दुखत नाही."

गावाबाहेरच्या चढावर पैलवानाचा गोठा होता. पैलवान हे टोपणनाव; आयुष्यात त्यानं कुणाशी कुस्ती खेळली नाही, नुसता अंगानं आडदांड. दादाचा शाळेपासूनचा दोस्त. बायको हसरी, बोलकी. धारा तीच काढायची आणि धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "गायी माझ्या, दूध माझं. उकळायला तुमच्या घरी येऊ का?"

त्या हिवाळ्यात पैलवानाला काही गायी विकायच्या होत्या, म्हणून तपासणी होती. पहिल्या दिवशी दादानं सगळ्या गायींना टोचलं. तिसऱ्या दिवशी कडाक्याचा गारठा. चढ गोठून काचेसारखा झालेला. दादानं गाडी फाटकापाशी थांबवली, दार उघडलं, पाय खाली टेकवला आणि तो सरकला. त्यानं पाय पुन्हा आत घेतला. पैलवान वरून ओरडला, "तू बस तिथंच. पडशील उगाच. मी हात लावून सांगतो." पैलवान एकेका गायीच्या मानेवरून हात फिरवत गेला आणि वरून सांगत गेला, "सपाट. सपाट. हीपण सपाट." दादानं गाडीतच सही केली, शिक्का मारला. पैलवान खोटं बोलत नव्हता. जन्मभर दोर आणि फावडं धरून त्याची बोटं राठ झालेली. त्यांना काय शोधायचंय हेच माहीत नव्हतं.

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

विकलेल्यांपैकी एक गाय पुढच्या वर्षी लांबच्या एका कत्तलखान्यात गेली. तिथल्या तपासनिसाला तिच्या फुफ्फुसात गाठी सापडल्या. कानातल्या बिल्ल्यावरून माग काढत लोक पैलवानाच्या फाटकाशी आले. दूध बंद झालं, एकही जनावर हलवायचं नाही असा हुकूम निघाला. त्याच सुमारास पैलवानाच्या बायकोच्या गळ्याला गाठी आल्या होत्या. ती गळ्याभोवती रुमाल बांधून हिंडायची आणि दाढेचं दुखणं आहे म्हणायची. दाढेचं नव्हतं, कच्च्या दुधातून आलेला गायींचाच क्षय होता.

चौकशी जिल्हा कार्यालयात झाली. लांबट खोली, लोखंडी कपाटं, भिंतीवर ओलीचे डाग. वहिनी आणि मी मागच्या बाकावर बसलो. जिल्हा अधिकारी बाई होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी आधी पैलवानाला विचारलं, "तिसऱ्या दिवशी डॉक्टर गोठ्यात आले होते?"

"आले होते की," पैलवान म्हणाला. "प्रत्येक गायीला हात लावला त्यांनी. मी उभा होतो शेजारी."

बाईंनी दादाकडे पाहिलं. "डॉक्टर, बरोबर आहे?"

दादा काठीच्या मुठीकडे बघत होता. माझ्या मनात आलं, हो म्हण आणि मोकळा हो. मग तो म्हणाला, "नाही. मी गाडीतून उतरलो नाही."

वहिनीनं माझं मनगट धरलं ते बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

दादाची मान्यता रद्द झाली. डॉक्टरकी राहिली, शिक्का गेला. त्या दिवसापासून तो घरात असूनही नसल्यासारखा झाला. वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पैलवानाची बायको शहरातल्या इस्पितळात होती, आणि वहिनी दर आठवड्याला तिला भेटून यायची. आल्यावर दादा विचारायचा, "कशी आहे?" वहिनी म्हणायची, "स्वतः जाऊन बघ." तो गेला नाही.

इकडे आसपासच्या गोठ्यांची कामं अडली. मान्यतेचा डॉक्टर नाही म्हणून कुणाला गाय विकता येईना की आणता येईना. सरकारी माणूस यायचा, पण त्याच्या वाट्याला अर्धा जिल्हा. लोक दवाखान्यात येऊन दादासमोरच बोलून जायचे. एक दिवस जेवताना वहिनी म्हणाली, "मी अर्ज केलाय. प्रशिक्षणाला नाव आलंय."

दादानं घास खाली ठेवला. "कॉलेज सुटल्यापासून तू गायीला हात लावलेला नाहीस."

"मग शिकव."

"माझ्याकडून शिकणार? माझ्याकडून?"

"तुझ्या बोटांना चांगलं कळत होतं. उतरला नाहीस हा वेगळा भाग आहे."

इतकं उघड ती पहिल्यांदाच बोलली. दादा उठून गेला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली आलो तेव्हा टेबलावर वहिनीची जुनी चामड्याची पर्स फाडून पसरली होती. दादा चामड्याखाली कधी मसूर ठेवायचा, कधी वाटाणा, कधी काहीच नाही, आणि वहिनी डोळे मिटून बोटं फिरवायची. "आहे." "कुठं?" "इथं. बारीक आहे." "चुकलीस. काही नाही तिथं. घाई करू नकोस." असं महिनोन्‌महिने चाललं. त्या दोघांत तेवढाच संवाद उरला होता.

प्रशिक्षणाच्या वर्गात वहिनीपेक्षा सगळे लहान. रोगाची खबर कुणाला किती वेळात द्यायची, बूट कसे निर्जंतुक करायचे, दाखल्यात रिकामी जागा का सोडायची नाही, हे तिनं पाठ केलं. एका तासाला दादाचंच प्रकरण नाव न घेता उदाहरण म्हणून सांगितलं गेलं. सगळ्यांनी माना हलवल्या, काहींनी लिहून घेतलं. वहिनीही लिहून घेत होती. हे तिनं मला गाडीत सांगितलं, आणि घरी सांगू नकोस म्हणाली.

परीक्षा ती पास झाली. राहिली ती अधिकाऱ्यांसमोरची तपासणी. बाईंनी गोठा निवडला तो पैलवानाचा. त्याची फेरतपासणी व्हायचीच होती. "तुम्हाला जमणार नसेल तर आत्ता सांगा," बाई म्हणाल्या. "दुसरा गोठा देते." वहिनी म्हणाली, "हाच द्या."

दोन्ही दिवशी मीच तिला नेलं. दादा येतो म्हणाला नाही, आम्हीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. वहिनी बूट धुऊन आत शिरली, बाई तिच्या मागे. मी कानातल्या बिल्ल्यांचे आकडे वाचत होतो. पैलवान एकेक गाय पकडून उभा राहायचा, तिच्या कपाळाला खांदा लावून. वहिनी मानेवरून बोटं फिरवायची, घडी मोजायची, आणि म्हणायची, "आहे." मग पुढची. "आहे." बाई मागून पुन्हा हात लावून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. म्हणजे बरोबर.

एका तांबड्या गायीपाशी पैलवान म्हणाला, "वहिनी, हिला परत एकदा बघा."

वहिनीनं पुन्हा बोटं फिरवली, आधीपेक्षा सावकाश. "आहे, भाऊजी."

"ही बायकोनं बाटलीनं दूध पाजून वाढवलीय."

"ठाऊक आहे मला."

"ती आल्यावर काय सांगू?"

वहिनीनं गायीच्या मानेवर खूण केली. पैलवानानं गाय सोडली आणि पुढची धरली. लागण झालेल्या गायी मारणं भागच होतं; ज्या थोड्या निरोगी निघाल्या त्याही त्यांच्यासोबत राहिलेल्या, म्हणून ठेवता येणार नाहीत, असं बाईंनी त्याला समजावलं. ट्रक आले तेव्हा त्यानं स्वतः प्रत्येक गाय चढवली, कुणाला काठी मारू दिली नाही. परत येताना वहिनीनं रस्त्याकडेच्या नळाशी गाडी थांबवायला सांगितली. मग तोंड धुऊन म्हणाली, "चल. दवाखाना उघडायचाय."

पैलवानाची बायको घरी आलीच नाही. औषधं उशिरा सुरू झाली होती, आणि रोग गळ्यातून आत उतरला होता. तिला पोचवायला आख्खं गाव होतं. दादाही आला, सगळ्यांच्या मागे. काही दिवसांनी पैलवान आमच्या घरी आला. दादासमोर बसला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बस तू."

मग दादाला म्हणाला, "मी हो म्हणालो होतो तुझ्यासाठी."

"ठाऊक आहे."

"तू नाही म्हणालास. मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस."

दादा म्हणाला, "हो."

"त्याचा राग नाही. रोज वाटतं, मीच कशाला ओरडलो, बस तिथंच म्हणून." त्यानं दादाकडे बघितलं. "तू ऐकायचं कशाला पण माझं?"

वहिनीनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. पैलवान त्यानंतर आला नाही. गोठा विकून मुलीकडे राहायला गेला.

ठरावीक मुदत गेल्यावर दादाला मान्यतेसाठी पुन्हा अर्ज करता आला असता. नव्यानं प्रशिक्षण, नव्यानं परीक्षा. वहिनीनं एकदा विषय काढला. तो म्हणाला, "नको." एवढंच. जखमा, पोटफुगी, अडलेल्या गायी, अशी कामं तो करत राहिला. बोलावणी मात्र निम्म्यावर आली. वहिनीनं शिक्का पुष्कळ वर्षं सांभाळला. ऊन असो, चिखल असो, तिसऱ्या दिवशीची खेप तिनं कधी चुकवली नाही. दर नूतनीकरणाला वर्गात पहिल्या बाकावर बसायची. गोठेवाले तिला कडक म्हणायचे, मागून आणखी बरंच काही म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. साखरेचा आजार तिला आधीपासून होता. मग टोकं बधिर झाली. तिनं आधी कुणाला सांगितलं नाही. एकदा गोठ्यातून परत येताना गाडीत म्हणाली, "आज एका गायीला मला दोनदा बघावं लागलं. तरी खात्री वाटेना. जिल्ह्याच्या बाईंना बोलावून घेतलं." त्याच आठवड्यात तिनं जिल्हा कार्यालयाला फोन केला. तिकडून सांगितलं, मोजायला यंत्र आहेच की, दुसरा कुणी मिळेपर्यंत चालवा. वहिनी म्हणाली, "घडी बोटांनीच धरावी लागते," आणि शिक्का परत करून आली.

त्या दिवशी जेवताना दादा म्हणाला, "अजून एखादं वर्ष चाललं असतं."

वहिनीनं मान वर केली आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी खाली बघून जेवत राहिलो. मग दादाच उठला, आपलं ताट घेऊन मोरीपाशी गेला आणि नळ सोडून तिथंच उभा राहिला.

आता लांबून एक डॉक्टर येतो, जमेल तेव्हा. गोठेवाले त्याची वाट बघत बसतात आणि वहिनीला नावं ठेवतात, की हिनं उगाच सोडलं. वहिनी पुढच्या खोलीत कुत्री-मांजरं बघते. टाके घालायचे असले तर दादाला हाक मारते. तो काठी भिंतीला टेकवून ठेवतो आणि टाके घालतो.